‘चाळीस उत्तरं पाठ आहेत, तरी भीती जात नाही’

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वय 28, मराठी माध्यमातून बी.ए., लग्नाला वर्ष होत आलं. पती इंग्लंडमध्ये कायमचे राहतात. त्यांच्याकडे जायला जोडीदाराचा व्हिसा हवा आणि त्यासाठी इंग्रजी बोलण्या-ऐकण्याची ए-1 पातळीची परीक्षा पास व्हायला हवी. त्या लिहितात : ‘क्लासच्या सरांनी चाळीस प्रश्नोत्तरं दिली होती, ती घडाघडा म्हणता येतात. पण परवा नणंदेनं फोनवर सहज इंग्रजीत विचारलं, आज काय जेवलीस, तर तोंडातून शब्द फुटला नाही. मिस्टर म्हणतात, मोठी आयईएलटीएसच देऊन टाक, सगळीकडे चालते. सासूबाईंना वाटतं, पुढच्या महिन्यात उरकून घ्यावी. एक एजंट म्हणतो, पैसे भरा, पास करून देतो. परीक्षेत सोबत दुसरा उमेदवार बसवतात म्हणे. तो फाडफाड बोलला तर माझं काय? शाळेपासून माझं इंग्रजी कच्चं. नापास झाले तर दोन्ही घरी तोंड कसं दाखवू? आणि पास झाले तरी असलं इंग्रजी घेऊन मी तिकडे करणार काय?’

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती नणंदेच्या फोनची हकिगत. चाळीस उत्तरं तोंडपाठ असताना जेवणाबद्दलच्या एका साध्या प्रश्नाला तुम्ही अडलात आणि त्यावरून ‘माझं इंग्रजी कच्चं’ असा निकाल लावून मोकळ्या झालात. मला ते पटत नाही. त्या चाळीस उत्तरांत शब्द भरपूर आहेत, ते तुम्हाला येतातही. कुणीतरी अचानक काही विचारावं, ते कानांनी पकडावं आणि जमेल तसं उत्तर द्यावं, याचा सराव मात्र तुम्हाला कुणी दिलेलाच नाही. आणि परीक्षा नेमकी त्याचीच आहे.

परीक्षेचं स्वरूप आधी बघू, कारण क्लासमध्ये ते कुणी नीट समजावलेलं दिसत नाही. या व्हिसासाठी बोलण्या-ऐकण्याची जी आयईएलटीएस लाइफ स्किल्स ए-1 परीक्षा असते, तिच्यात लेखन नाही, वाचन नाही. भाषा मोजण्याच्या सहा पातळ्यांपैकी ए-1 ही सगळ्यात खालची. सगळं मिळून 16 ते 18 मिनिटांत आटोपतं. खोलीत एक परीक्षक, तुम्ही आणि आणखी एक उमेदवार. सुरुवातीला नाव, नावाचं स्पेलिंग, स्वतःबद्दलचे एक-दोन प्रश्न. मग ओळखीच्या विषयावर तुम्ही दोघांनी एकमेकांशी बोलायचं. मग दोन छोटी रेकॉर्डिंग ऐकवतात. ती दोनदा ऐकायला मिळतात आणि त्यांवर प्रश्न विचारतात. शेवटी पुन्हा दोघांनी मिळून बोलायचं. विषय घरचेच असतात : कुटुंब, मित्रमंडळी, खरेदी, काम, तब्येत, मोकळा वेळ, शिक्षण, प्रवास, घर, हवामान. निकालात बँड नाही की टक्के नाहीत. पास किंवा नापास, एवढंच.

परीक्षक चार गोष्टी बघतात. ऐकून माहिती मिळवता येते का, माहिती सांगता येते का, समोरच्याला कळेल असं बोलता येतं का आणि संभाषणात भाग घेता येतो का. ‘शी गो टु मार्केट’ म्हटलंत म्हणून कुणी लाल रेघ मारत नाही. चुकांमुळे अर्थच कळेनासा झाला तरच त्या आड येतात. या पातळीवर चुका होणार हे परीक्षकांनी धरलेलंच असतं. क्रियापदाला ‘एस’ लागतो की नाही या धास्तीनं गप्प बसलेल्या बाईपेक्षा ‘शी गो’ म्हणणारी बाई या परीक्षेत केव्हाही पुढे.

आता तुमच्या पाठांतराकडे येते. ते परीक्षेच्या खोलीत कसं वागेल, बघा.

परीक्षक विचारतात, ‘डू यू लाइक कुकिंग?’

तुम्ही सुरू करता, ‘येस, आय लाइक कुकिंग. माय हॉबीज आर कुकिंग, रीडिंग अँड लिसनिंग टु म्युझिक. देअर आर फोर मेंबर्स इन माय फॅमिली...’

त्यांना तेव्हाच कळतं की हे पाठ केलेलं आहे. ते मध्येच विचारतात, ‘हू कुक्स इन युअर हाउस?’ आणि इथे गाडी थांबते, कारण हा प्रश्न चाळिसात नव्हता. खरं तर याचं उत्तर तुमच्याजवळ आहे, ‘माय मदर-इन-लॉ. आय हेल्प हर. आय मेक चपाती.’ तीन तुटक वाक्यं, त्यात एकही अवघड शब्द नाही, पण प्रश्नाचं नेमकं उत्तर आलं. पुढे सोबतच्या उमेदवाराकडे वळून ‘अँड यू?’ एवढं विचारलंत की संभाषणात भाग घेणंही झालं.

त्या चाळीस उत्तरांची वही फेकून देऊ नका, त्यातले शब्द कामाचे आहेत. फक्त प्रत्येक उत्तराखाली ‘यावर समोरचा आणखी काय विचारेल?’ असं लिहून तीन-चार प्रश्न काढा आणि त्यांची उत्तरं लिहू नका. ती तोंडानंच द्यायची, दर वेळी वेगळ्या शब्दांत. कालचं वाक्य आज जसंच्या तसं आलं तर समजा, पुन्हा पाठांतर सुरू झालंय.

यापुढचा भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो, म्हणून त्यावर जरा थांबते. या परीक्षेत प्रश्न विचारावे लागतात. तुमच्या पत्रात उत्तरांची चिंता पानभर आहे, प्रश्न विचारण्याबद्दल अवाक्षर नाही. यात तुमचा दोष नाही. शाळेत मास्तर विचारायचे आणि आपण सांगायचं, मुलगी बघायला आले की पाहुणे विचारायचे आणि आपण सांगायचं. उलट विचारायची सवय आपल्याला लावली कुणी? त्यामुळे बऱ्याच मुली उत्तरं ठाकठीक देतात आणि ‘आता तुम्ही तिला विचारा’ म्हटलं की खाली बघतात.

एक विषय घ्या, समजा खरेदी. व्हेअर डू यू बाय व्हेजिटेबल्स? हाउ डू यू गो देअर? हू गोज विथ यू? डू यू लाइक शॉपिंग? व्हाय? परीक्षेतले विषय दहाच्या आसपास आहेत. रोज एक विषय घेऊन त्यावर पाच-सहा प्रश्न मोठ्यानं विचारायचे, शक्यतो जिवंत माणसाला. घरात कुणाला इंग्रजी येत नसलं तरी हरकत नाही. प्रश्न भिंतीला विचारा, पण आवाज काढून विचारा. ‘व्हेअर डू यू’ ही जोडी जिभेवर इतकी बसली पाहिजे की तिथे विचार करायची वेळ येऊ नये. कधी ‘यू लिव्ह व्हेअर?’ असं उलटंपालटं निघालं तरी समोरच्याला ते कळतं, तेव्हा तिथे अडून वाक्य पहिल्यापासून सुरू करू नका.

त्याहून वरची गोष्ट म्हणजे समोरच्याच्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढणं. तो म्हणाला, ‘आय गो टु वर्क बाय बस,’ तर तुमच्या यादीतला पुढचा प्रश्न बाजूला ठेवा आणि विचारा, ‘इज द बस एक्स्पेन्सिव्ह?’ तुम्ही त्याचं बोलणं ऐकलंत हे यातून दिसतं. ऐकणं आणि बोलणं एकाच परीक्षेत का ठेवलंय, ते इथे कळतं.

आता तो सोबतचा उमेदवार. ज्याची तुम्ही धास्ती घेतलीय, तो बहुधा तुमची धास्ती घेऊन आलेला असतो. दोघांचं मूल्यमापन वेगवेगळं होतं. तो हुशार निघाला म्हणून तुमचे गुण त्याला जात नाहीत आणि तो गडबडला म्हणून तुम्ही बुडत नाही. तो फारच बोलत सुटला तर ‘येस, अँड आय थिंक...’ म्हणून मध्ये शिरायचं. आपल्याकडे मोठ्यांच्या बोलण्यात मध्ये तोंड घालू नये असं शिकवतात, तिथे हसतमुखानं मध्ये बोलणं हा उद्धटपणा धरत नाहीत. आणि तो गप्प बसला तर ‘व्हॉट अबाउट यू?’ विचारून त्याला बोलतं करा, त्यात तुमचाही फायदा आहे.

कळलं नाही तर पुन्हा विचारणं म्हणजे नापास होणं नव्हे. ‘सॉरी, कॅन यू रिपीट, प्लीज?’ हे वाक्य पहिल्या दिवशीच जिभेवर बसवून टाका. पाठ करायला माझी हरकत नाही असं हे एकमेव वाक्य. मात्र दर प्रश्नाला ते वापरू नका. अर्धं कळलं असेल तर कळलेला अर्धा भाग बोलून दाखवा, ‘माय जॉब? ऑर माय हजबंड्स जॉब?’ असं.

कानाची तयारी वेगळी. इंग्रजी सिनेमे बघा, बातम्या ऐका, असा सल्ला तुम्हाला मिळाला असणारच. ए-1 पातळीवर तो वेळेचा अपव्यय आहे, असं माझं स्पष्ट मत. बातम्यांचं इंग्रजी डोक्यावरून जातं आणि ‘मला काहीच कळत नाही’ ही भावना मात्र पक्की होते. परीक्षेतली रेकॉर्डिंग साधी असतात : दुकानातलं, प्रवासातलं, कामाच्या ठिकाणचं बोलणं. आयईएलटीएसच्या संकेतस्थळावर लाइफ स्किल्सचे नमुने फुकट मिळतात, परीक्षा कशी चालते याचे व्हिडिओही आहेत. तेच पुन्हा पुन्हा ऐका. पहिल्या वेळी फक्त एवढंच शोधायचं की कोण बोलतंय आणि कशाबद्दल. तपशील दुसऱ्या खेपेला. पहिल्याच वेळी एकेक शब्द पकडायला गेलात की तिसऱ्या शब्दाला अडखळता आणि पुढची चार वाक्यं निसटतात.

माणसं सगळ्यात जास्त घसरतात ती आकड्यांवर. थर्टीन की थर्टी, फिफ्टीन की फिफ्टी? तेराला जोर शेवटी, ‘टीन’वर येतो, तिसाला सुरुवातीला, ‘थर्’वर. हा फरक सांगून कळत नाही, कानाला सवय लावावी लागते. घरातल्या शाळकरी मुलाला बसवा, त्याला वीस आकडे इंग्रजीतून म्हणायला सांगा आणि तुम्ही ते अंकांत लिहा. अंकांतच, कारण ‘फिफ्टी-नाइन’ ऐकून आधी मनात एकोणसाठ करायचं आणि मग लिहायचं यात पुढचा आकडा निघून जातो. फोन नंबर सांगताना इंग्लंडमध्ये शून्याला सर्रास ‘ओ’ म्हणतात आणि दोन सारखे आकडे आले की ‘डबल’. किमती पाउंड आणि पेन्समध्ये, म्हणजे ‘टू पाउंड्स फिफ्टी’ किंवा नुसतं ‘टू फिफ्टी’. घड्याळाच्या बाबतीत मात्र आपण नशीबवान. सव्वा, साडे, पावणे ही हिशेबाची पद्धत आपल्या हाडीमासी आहे, त्यामुळे क्वार्टर पास्ट, हाफ पास्ट, क्वार्टर टु जड जात नाही. एवढं लक्षात ठेवा की तिकडे बोलताना कुणी ‘हाफ सेव्हन’ म्हटलं तर ते साडेसात असतं, साडेसहा नव्हे.

स्पेलिंगचंही तसंच. स्वतःचं नाव, आडनाव, गाव आणि रस्त्याचं नाव अक्षर-अक्षर करून सांगायचा सराव करा. आपली गडबड होते ती ए, ई आणि आय या तिघांत, शिवाय जी आणि जे यांत. नवऱ्याचं तिकडचं गावही त्यात घ्या. पुढे आयुष्यभर फोनवर तेच करायचंय.

आता मिस्टरांचा सल्ला, ‘मोठी आयईएलटीएसच दे, सगळीकडे चालते.’ हेतू चांगला आहे, माहिती अर्धवट आहे. साधी आयईएलटीएस या व्हिसासाठी चालत नाही. ब्रिटिश गृहखात्याच्या मान्यताप्राप्त यादीतली परीक्षा आणि मान्यताप्राप्त केंद्रच हवं. वाचन-लेखनासकट चार कौशल्यांची परीक्षा द्यायचीच असेल तर ती ‘यूकेव्हीआय’साठीची, म्हणजे ब्रिटिश व्हिसा विभागासाठीची, आयईएलटीएस असावी लागते, नावात ते स्पष्ट लिहिलेलं असतं. नाव जवळजवळ सारखं असल्यामुळे लोक चुकीची परीक्षा देऊन बसतात आणि फी वाया जाते.

भारतातून देता येणाऱ्या परीक्षा घेणाऱ्या संस्था चार : आयईएलटीएस, पिअर्सन, लँग्वेजसर्ट आणि पीएसआय. पिअर्सनची पीटीई होम परीक्षा संगणकावर, हेडफोन लावून देतात. अनोळखी माणसासमोर ज्यांची वाचाच बसते, त्यांना ती सोपी वाटू शकते. पण संगणक तुमच्या चेहऱ्यावरचा गोंधळ बघून प्रश्न सावकाश विचारत नाही, हेही लक्षात घ्या. तुमच्या पत्राचा सूर बघता तुम्हाला समोर माणूस असलेला बरा, असं मला वाटतं. नणंदेनं कदाचित ट्रिनिटी या ब्रिटिश संस्थेच्या सहा मिनिटांच्या परीक्षेबद्दल सांगितलं असेल. ती आहे खरी, पण व्हिसासाठीची ट्रिनिटीची परीक्षा ब्रिटनमध्येच देता येते, इथून नाही.

वरच्या पातळीची परीक्षा द्यावी का, हा प्रश्न वेगळा आणि रास्त आहे. या व्हिसाला ‘किमान ए-1’ लागतं, म्हणजे ए-2 किंवा बी-1 पास असलात तरी चालतं. पहिला व्हिसा 33 महिन्यांचा मिळतो. तो वाढवताना ए-2 लागतं, पुढे कायम वास्तव्यासाठी बी-1 आणि शिवाय ‘लाइफ इन द यूके’ ही परीक्षा. आताच बी-1 पास झालात आणि ते पहिल्या अर्जात मान्य झालं, तर पुढच्या टप्प्यावर तेच दाखवता येतं. ज्यांना इंग्रजी बऱ्यापैकी येतं, त्यांनी हा विचार जरूर करावा, दोन परीक्षांचा खर्च वाचतो. तुम्ही मात्र आत्ता ए-1च द्या. आज तुमची अडचण बोलायला सुरुवात करण्याची आहे. बी-1चं ओझं घेतलंत तर पुन्हा पाठांतराकडे वळाल. 2025 पासून तिथे इंग्रजीच्या अटी आणखी कडक करण्याच्या हालचाली सुरू आहेत, तेव्हा अर्ज भरण्याच्या आठवड्यात ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरचा नियम स्वतः वाचा. कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला नको.

इतर वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकते. ज्यांची पदवी इंग्रजी माध्यमातून झाली आहे, त्यांना ही परीक्षा द्यावी लागेलच असं नाही. एक्टिस या संस्थेकडून पदवीची पातळी आणि माध्यम यांचं प्रमाणपत्र घेतलं तर ते चालतं. इंजिनीअर झालेल्या मुली ए-1च्या परीक्षेला बसलेल्या बघितल्या की वाईट वाटतं. 65 वर्षांवरच्यांना सूट आहे आणि ज्यांना आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे ही अट पूर्ण करणं शक्यच नाही, त्यांनाही आहे, पण त्याला वैद्यकीय पुरावा लागतो. मैत्रिणी, तुमची बी.ए. मराठी माध्यमातली, म्हणून तुम्हाला ही वाट नाही.

एजंटाबद्दल मी गुळमुळीत बोलणार नाही. ‘पास करून देतो’ याचे दोनच अर्थ होतात. एक तर तो थाप मारतोय, किंवा तुमच्या जागी दुसऱ्याला बसवण्यासारखं काहीतरी करणार आहे. 2014 साली बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमानं ब्रिटनमधल्याच काही केंद्रांवर भाडोत्री लोक इंग्रजीची परीक्षा देत असल्याचं उघड केलं. त्यानंतर हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले आणि त्यात ज्यांनी काहीच केलं नव्हतं अशीही मुलं भरडली गेली. तेव्हापासून केंद्रांवर फोटो आणि ओळख यांची कसून तपासणी होते. व्हिसाच्या अर्जात फसवणूक आढळली तर दहा वर्षांपर्यंत अर्ज नाकारले जाऊ शकतात. नापास झालात तर काही आठवडे जातील. एजंटाच्या नादी लागून पकडल्या गेलात तर संसाराची दहा वर्षं जातील. त्याला पैसे दिले असतील तर परत मागा, दिले नसतील तर फोन उचलू नका.

सासूबाई म्हणतात त्याप्रमाणे पुढच्या महिन्यात द्यावी का? त्यांची घाई मला समजते. मुलगा तिकडे, सून इकडे, शेजारीपाजारी विचारतात. पण तारीख शेजाऱ्यांवरून ठरवायची नसते. एक चाचणी सांगते. तुमच्याशी फारशी ओळख नसलेल्या, बऱ्यापैकी इंग्रजी येणाऱ्या कुणालातरी, मैत्रिणीच्या कॉलेजातल्या भावाला म्हणा, वीस मिनिटं मागा. त्यानं या विषयांवर मनाला येईल ते विचारायचं आणि तुम्हीही त्याला विचारायचं. तुम्ही एकही मराठी शब्द न वापरता वीस मिनिटं तग धरलीत, वाटेल तेवढ्या चुका करून का होईना, तर तारीख घ्या. नाही जमलं तर दोन आठवड्यांनी पुन्हा. निकाल व्हिसासाठी दोन वर्षं चालतो, तेव्हा बाकीची कागदपत्रं तयार नसली तरी परीक्षा आधी देऊन ठेवता येते. बाकीची कागदपत्रं तयार असतील, तर मात्र एक नापास प्रयत्न धरूनही वेळ पुरेल अशी तारीख घ्या.

आणि नापास झालातच तर? पुन्हा बसायचं. किती वेळा बसावं याला मर्यादा नाही. फी पुन्हा भरावी लागते, हे खरं नुकसान. व्हिसाच्या अर्जात पास झालेल्या परीक्षेचा क्रमांक द्यायचा असतो. ‘तोंड कसं दाखवू’ या वाक्याबद्दल मला थोडं विचारायचंय. नवरा तिकडे गेला तेव्हा पहिल्या मुलाखतीत नोकरी लागली का? त्याच्या नापाशीची चर्चा दोन्ही घरांत झाली होती का? झाली नसेल तर तुमची का व्हावी? परीक्षेची तारीख अख्ख्या भावकीला कळवायची काही गरज नाही. नवऱ्याला आणि घरातल्या एखाद्या भरवशाच्या माणसाला ठाऊक असली की पुरे.

नवऱ्याचा खरा उपयोग सल्ल्यापेक्षा सरावाला आहे. रोजच्या फोनमधली दहा मिनिटं इंग्रजीची ठरवून घ्या. पण आधी एक करार करा. त्या दहा मिनिटांत त्यांनी वाक्य मध्ये तोडून चूक सुधारायची नाही. सांगायचं असेल तर शेवटी, आणि एकच चूक. नवरे या बाबतीत फार उतावीळ असतात, दुसऱ्या वाक्याला ‘वेंट म्हण, गो नाही’ सुरू होतं आणि बायको तिसरं वाक्य बोलतच नाही. विषय परीक्षेचेच हवेत असं नाही. आज ऑफिसात काय झालं, खोलीची चावी कुणाकडे ठेवता, दूध कुठून आणता, थंडीला कसला कोट लागतो, हे सगळं तुम्ही त्यांना विचारा. तुम्हाला ते नाहीतरी जाणून घ्यायचंच आहे. फोन नाही झाला त्या दिवशी एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवा, न लिहिता, न पुसता. आठवड्यानंतर पहिला आणि शेवटचा मेसेज पाठोपाठ ऐका.

आणि नणंदेला सांगा, रोज असाच अवचित फोन कर म्हणून. ती चेष्टा करत असेल तर तेही स्पष्ट सांगा की चेष्टा नको, प्रश्न हवेत.

‘असलं इंग्रजी घेऊन तिकडे काय करणार’ या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर परीक्षेकडे नाही. ए-1 झालं म्हणजे इंग्लंडमध्ये निभावेल, असं मी खोटं सांगणार नाही. डॉक्टरच्या स्वागतकक्षात फोन लावाल तेव्हा पलीकडची बाई परीक्षकासारखी सावकाश बोलणार नाही. पण तिलाही ‘सॉरी, कॅन यू रिपीट, प्लीज?’ म्हणता येतं आणि ती पुन्हा सांगते. तिकडे बऱ्याच ठिकाणी कॉलेजांत आणि सामुदायिक केंद्रांत परदेशातून आलेल्यांसाठी इंग्रजीचे वर्ग चालतात, त्यांना ‘ईसॉल’ म्हणतात. तुमच्या गावात ते कुठे आहेत, फी किती, नाव कधी नोंदवतात, हे नवऱ्याला आतापासून शोधून ठेवायला सांगा. पोचल्यावर पहिले सहा महिने घरातच गेले की पुढे बाहेर पडणं जड जातं, आणि 33 महिन्यांच्या आत ए-2 लागणारच आहे.

परीक्षेच्या दिवसाचं थोडक्यात. नाव नोंदवताना जो पासपोर्ट दिला तोच, मूळ, सोबत न्यायचा, झेरॉक्स चालत नाही. म्हणजे त्या काळात पासपोर्ट दुसऱ्या कुठल्या कामाला अडकवून ठेवू नका. नोंदणीतलं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न अक्षर जुळतंय ना, हे पैसे भरण्यापूर्वी तपासा. लग्नानंतर नाव बदलून घेतलेल्या मुलींची इथे हमखास गडबड होते, एका कागदावर माहेरचं आडनाव आणि दुसऱ्यावर सासरचं. केंद्रं मोजक्याच शहरांत आहेत, सकाळची वेळ मिळाली आणि प्रवास लांबचा असला तर आदल्या दिवशीच जा. फोन आत नेता येत नाही. निकाल साधारण आठवडाभरात लागतो. पास झालात की प्रमाणपत्रावरचा क्रमांक दोन ठिकाणी लिहून ठेवा, व्हिसाच्या अर्जात तोच लागतो.